केंब्रिज अ‍ॅनालिटिका चालवणारी माणसं कोण होती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात डेटाचंच काम करतो, त्यामुळे निवडणूक जवळ आली की घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी हे नाव काढतंच आणि मग तेच तेच प्रश्न येतात. कोट्यवधी लोकांचा फेसबुक डेटा त्यांना न विचारता घेतल्यामुळे गाजलेली ही कंपनी. बहुतेकांना कंपनीचं नाव माहीत असतं पण आतली माणसं माहीत नसतात, आणि माझ्या मते अख्खी गोष्ट त्या माणसांचीच आहे. म्हणून जे जे विचारलं जातं ते एकदाच नीट लिहून काढतोय.

ही कंपनी नेमकं काय करायची?

लोकांचा डेटा गोळा करायचा, त्यावरून कोणाला काय सांगितलं की तो हलेल याचा अंदाज बांधायचा, आणि मग त्या त्या माणसाला तशी जाहिरात ऑनलाइन दाखवायची. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः राजकीय उमेदवार. डेटा सायन्स आणि डिजिटल कम्युनिकेशन एकाच छताखाली, असं ते स्वतःला विकायचे. लंडनमध्ये न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ऑफिस होतं आणि अमेरिकेतही बस्तान होतं. २०१३ मध्ये सुरू झाली, २०१८ च्या मे महिन्यात बंद. म्हणजे फार नाही जगली.

केंब्रिज विद्यापीठाची होती का?

नाही. विद्यापीठाचा त्यात हिस्सा वगैरे काही नव्हता. पण तिथला एक शिक्षक यात होता, त्याचं पुढे येतंच.

मुळात हे सुरू कोणी केलं?

एससीएल नावाची एक आई-कंपनी होती, पूर्ण नाव स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन लॅबोरेटरीज. ती निगेल ओक्स या माणसाने १९९० च्या दशकात काढली, हा गडी आधी जाहिरात क्षेत्रातला. त्याची कल्पना अशी की साबण विकायला जे मानसशास्त्र वापरतात ते सैन्याला आणि सरकारांना का विकू नये. २००५ साली लंडनमध्ये शस्त्रास्त्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं तिथे यांनी स्टॉल लावला होता, आणि डेमो काय दाखवला तर देवीच्या रोगाची साथ आली आहे आणि लोकांनी शहरात फिरू नये म्हणून सरकार खोटी बातमी पसरवून त्यांना घरात कसं थांबवेल. म्हणजे रणगाडे आणि बंदुका मांडलेल्या हॉलमध्ये हे लोक अफवा कशी वापरायची ते विकत होते. मला वाटतं पुढे जे जे झालं त्याचं बीज त्या स्टॉलवर दिसतं, कारण लोकांना खोटं सांगून वळवणं ही एक सेवा आहे आणि तिचं बिल लावता येतं हे तिथे सगळ्यांनी मान्यच केलेलं होतं.

अलेक्झांडर निक्स कोण?

कंपनीचा सीईओ आणि चेहरा. ईटन या इंग्लंडमधल्या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिकलेला, आधी फायनान्समध्ये होता, मग २००३ मध्ये एससीएलला आला. तो टेक्निकल माणूस नव्हता, सेल्सवाला होता, आणि सेल्समध्ये फार तरबेज.

सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत त्याने जे भाषण दिलं ते बघण्यासारखं आहे. स्टेजवर उभा राहून तो सांगतो की अमेरिकेतल्या प्रत्येक प्रौढ माणसाबद्दल आमच्याकडे चार-पाच हजार माहितीचे तुकडे आहेत. मग बंदुकीच्या हक्काचं उदाहरण देतो. जो माणूस स्वभावाने चिंता करणारा आहे त्याला खिडकीची काच फोडून आत येणारा चोराचा हात दाखवायचा, आणि जो परंपरा, घरदार मानणारा आहे त्याला संध्याकाळच्या उजेडात बापलेक शेतात बदकांची शिकार करतायत असं चित्र दाखवायचं. मुद्दा एकच, मतही एकच, फक्त ज्याची जी कळ आहे ती दाबायची. ऐकताना अंगावर येतं. पण हे खरंच एवढं चालायचं का हा वेगळा प्रश्न आहे, तो खाली घेतलाय.

पैसा कोणाचा होता?

रॉबर्ट मर्सर. रेनेसाँ टेक्नॉलॉजीज या हेज फंडातून, म्हणजे श्रीमंतांचा पैसा गुंतवणाऱ्या फंडातून, अफाट श्रीमंत झालेला अमेरिकन, मूळचा कॉम्प्युटर सायंटिस्ट आणि खूप उजव्या विचारांचा. त्याने १.५ कोटी डॉलर टाकले असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. त्याची मुलगी रिबेका बोर्डावर होती, आणि स्टीव्ह बॅनन, जो पुढे ट्रम्प यांच्या प्रचाराचा प्रमुख आणि मग व्हाइट हाउसमध्ये सल्लागार झाला, तो कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट होता. म्हणजे पैसा देणारे नुसते गुंतवणूकदार नव्हते, त्यांना राजकारण फिरवायचं होतं.

आणि डेटा सायन्सवाले? ते तरी खरे सायंटिस्ट होते का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण ही आमच्या धंद्यातली माणसं.

सुरुवात होते एका फेसबुक अ‍ॅपपासून. डेव्हिड स्टिलवेल नावाच्या एका तरुणाने २००७ मध्ये फेसबुकवर मायपर्सनॅलिटी नावाचं अ‍ॅप काढलं, स्वभावाची टेस्ट द्या आणि आपला निकाल बघा असं. लाखो लोकांनी ती टेस्ट दिली, आणि ज्यांची इच्छा होती त्यांनी आपला फेसबुक डेटा संशोधनासाठी दिला. पुढे केंब्रिज विद्यापीठातला मिखाल कोसिन्स्की हा पोलंडचा संशोधक त्याच्यासोबत आला. २०१३ मध्ये त्यांचा पेपर आला की ५८ हजार लोकांचे नुसते लाइक्स बघून त्यांचा स्वभाव, राजकीय कल, बरंच काही ओळखता येतं. २०१५ मध्ये आणखी एक आला, त्यातलं निरीक्षण असं की १० लाइक्स मिळाले तर कॉम्प्युटर तुमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त ओळखतो, ७० मिळाले तर मित्रापेक्षा, १५० वर घरच्यांपेक्षा आणि ३०० च्या आसपास तर नवरा किंवा बायकोपेक्षाही. हे खरं संशोधन होतं. आणि हे लोक केंब्रिज अ‍ॅनालिटिकात नव्हते, हे नीट लक्षात ठेवा, कारण त्यांची नावं उगाच त्यात गोवली जातात.

कंपनीसाठी डेटा गोळा करून दिला तो अलेक्झांडर कोगनने. जन्म मोल्दोव्हाचा, लहानपण मॉस्कोत, मग अमेरिकेत वाढला, आणि केंब्रिजला मानसशास्त्र शिकवत होता. त्याने जोसेफ चॅन्सेलर या सहकाऱ्यासोबत ग्लोबल सायन्स रिसर्च नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि एससीएलशी करार केला. एससीएलकडून त्याला सर्व्हेच्या खर्चापोटी ८ लाख डॉलरपेक्षा जास्त मिळाले, आणि डेटाची एक कॉपी त्याला स्वतःच्या संशोधनाला ठेवायची होती. माझ्या मते त्याला पैशापेक्षा त्या कॉपीचा मोह जास्त होता. एवढा मोठा डेटासेट समोर दिसला की संशोधक माणसाचं काय होतं ते मी जवळून बघितलंय, परवानगीचा प्रश्न तो नंतर बघू म्हणून बाजूला ठेवतो.

२ लाख ७० हजार लोकांनी टेस्ट दिली म्हणतात, मग ८ कोटी ७० लाख लोकांचा डेटा कसा गेला?

इथे जरा थांबून समजून घ्या कारण बातम्यांत हे नेहमी घाईत सांगतात.

२०१४ मध्ये कोगनने एक अ‍ॅप केलं, धिस इज युवर डिजिटल लाइफ असं नाव. लोकांना थोडे पैसे देऊन सर्व्हे भरून घ्यायचा, बहुतेक अमेरिकन लोक, ऑनलाइन छोटी कामं करून दोन-चार डॉलर मिळतात अशा साइटवरून आलेले. शेवटी पैसे हवे असतील तर फेसबुकने लॉगिन करा. लॉगिन केलं की अ‍ॅपला तुमचे लाइक्स, गाव, जन्मतारीख वगैरे मिळायचं, आणि त्या काळात फेसबुकच्या नियमात अशी सोय होती की तुमच्या फ्रेंड लिस्टमधल्या लोकांचीही माहिती अ‍ॅपला मिळायची, त्यांना न विचारता. त्यांनी अ‍ॅप उघडलेलं नाही, टेस्ट दिलेली नाही, त्यांना पत्ताही नाही. एकाने सही केली आणि अख्ख्या वाड्याचा सातबारा गेला, असं समजा.

मग ज्यांनी टेस्ट दिली त्यांचा स्वभाव माहीत आणि लाइक्सही माहीत, त्यावरून मॉडेल बनवायचं, आणि ते मॉडेल त्या कोट्यवधी मित्रांवर चालवायचं ज्यांचे फक्त लाइक्स हातात आहेत. स्वभावाचे पाच गुण मोजायचे, म्हणजे माणूस नवं काही स्वीकारतो का, शिस्तीचा आहे का, माणसांत रमतो का, जुळवून घेतो का आणि काळजी किती करतो. मग हे अमेरिकेच्या मतदार यादीशी जोडायचं. टेक्निकली यात काहीही अद्भुत नाही, आज कॉलेजचा मुलगा हे मॉडेल बनवेल. जे चुकीचं होतं ते मॉडेलच्या आधीच घडलं होतं, न विचारता माहिती घेण्यात.

फेसबुकची माणसं काय करत होती?

ही सोय त्यांनीच दिली होती आणि हजारो अ‍ॅप्स ती वापरत होती. नवीन अ‍ॅप्ससाठी त्यांनी ती २०१४ मध्ये बंद केली, जुन्यांना साधारण वर्षभर दिलं. डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन या वृत्तपत्राने छापलं की अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे टेड क्रूझ यांच्या प्रचारात असा डेटा वापरला जातोय, तेव्हा फेसबुकने डेटा डिलीट करा सांगितलं आणि डिलीट केला असं लिहून घेतलं. जाऊन तपासलं नाही. ज्यांचा डेटा गेला त्यांना सांगितलंही नाही, ते २०१८ मध्ये सगळं बाहेर आल्यावर. आणि कोगनचा तो भागीदार चॅन्सेलर, त्याला २०१५ च्या शेवटी फेसबुकनेच नोकरीवर घेतलं होतं.

गुलाबी केसांचा तो मुलगा कोण?

क्रिस्टोफर वायली. कॅनडाचा, लंडनमध्ये कायदा शिकलेला, २०१३-१४ मध्ये एससीएलमध्ये होता आणि या डेटा प्रकल्पाच्या अगदी मध्यभागी होता. मग बाहेर पडला आणि नंतर कागदपत्रांसकट सगळं उघड केलं. तो हिरो आहे का असं विचारतात. माझं मत असं की त्याने जे बांधायला मदत केली त्याची जबाबदारी त्याच्यावर आहेच आणि तो ती नाकारतही नाही, पण नाव लावून, चेहरा दाखवून समोर यायला फार हिंमत लागते, आणि तो नसता तर हे कागद बाहेर आले नसते. आतून बोलणारी आणखी एक म्हणजे ब्रिटनी कायझर, बिझनेस डेव्हलपमेंट बघायची, एकेकाळी ओबामांच्या प्रचारात काम केलेली. तिनेही एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली.

पण मग उघड केलं कोणी?

कॅरोल कॅडवॉलाडर या पत्रकार बाईंनी. ब्रिटनच्या ऑब्झर्व्हर पेपरच्या. त्या महिनोन् महिने याच्या मागे होत्या, वायलीला बोलतं करायला त्यांना साधारण वर्ष लागलं, वकिलांच्या नोटिसा झेलल्या. १७ मार्च २०१८ ला ऑब्झर्व्हर आणि न्यूयॉर्क टाइम्स दोघांनी एकाच दिवशी बातमी दिली. फेसबुकने आदल्या रात्रीच घाईघाईने केंब्रिज अ‍ॅनालिटिका, कोगन आणि वायली यांना सस्पेंड केल्याचं जाहीर केलं होतं. माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी व्यक्ती ह्याच बाई आहेत.

छुप्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ काय होता?

चॅनल ४ या ब्रिटिश टीव्ही चॅनलचा रिपोर्टर श्रीलंकेतल्या एका श्रीमंत माणसाचा मध्यस्थ बनून गेला, आमची माणसं निवडून आणायचीत म्हणून. लंडनच्या हॉटेलांत भेटी झाल्या. त्यात निक्स सांगताना दिसतो की विरोधी उमेदवाराच्या घरी मुली पाठवता येतील, लाच देऊ करून त्याचं शूटिंग करता येईल. कंपनीने म्हटलं की आम्ही असं करत नाही, तो फक्त गिऱ्हाईकाला बोलतं करत होता. २० मार्चला निक्सला सस्पेंड केलं, २३ तारखेच्या रात्री ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या (तिथे डेटा संरक्षणाच्या कायद्यावर देखरेख करणारं पद) लोकांनी वॉरंट घेऊन ऑफिसची झडती घेतली, आणि २ मे ला कंपनी बंद करत असल्याचं जाहीर झालं.

ट्रम्प या कंपनीमुळेच जिंकले ना? आणि ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं?

इथे मी बऱ्याच जणांशी भांडतो. ट्रम्प यांच्या प्रचाराने त्यांना जवळपास ६० लाख डॉलर दिले हे खरं, त्यांची माणसं टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला ब्रॅड पार्सकेलच्या डिजिटल टीमसोबत बसत होती हेही खरं. पण तिथे फेसबुकचे स्वतःचे कर्मचारीही मदतीला बसत होते. आणि स्वभाव ओळखून मत फिरवलं याचा पुरावा कुणाकडेच नाही. कोगनने स्वतः ब्रिटिश संसदेत सांगितलं की एकेका माणसाच्या पातळीवर हे अंदाज फारसे उपयोगाचे नव्हते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनहॅम यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये तपास संपवताना लिहिलं की यांच्या पद्धती बऱ्याच अंशी बाजारात सहज मिळणाऱ्याच होत्या, कंपनीच्या आतच लोकांना साहेबांच्या दाव्यांबद्दल शंका होती, आणि ब्रेक्झिटच्या सार्वमतात सुरुवातीच्या चौकशीपलीकडे कंपनीचा मोठा सहभाग आढळला नाही.

मला हे सांगावंसं वाटतं कारण आपण त्यांना जादूगार ठरवलं की निक्सचा सेल्स पिच आपणच फुकटात करतो. आणि वर असंही होतं की मत फिरलंच नसेल तर गुन्हा काय घडला असं लोक म्हणायला लागतात. मॉडेल चालो न चालो, न विचारता घेतलं हा गुन्हा पूर्ण झालेला होता.

भारताशी काय संबंध?

फेसबुकने सांगितलं की भारतात ५ लाख ६२ हजार ४५५ लोकांचा डेटा गेला असू शकतो. आणि अ‍ॅप किती भारतीयांनी टाकलं होतं? ३३५. बाकी सगळे कुणाच्या तरी फ्रेंड लिस्टमध्ये होते एवढंच. त्यात महाराष्ट्रातले किती याचा आकडा निघाला नाही, पण परदेशात मित्र, भाऊ, मेव्हणा असलेली आपल्याकडे किती घरं आहेत ते बघा. एससीएलने भारतातल्या निवडणुकांतही कामं केल्याचे कागद वायलीने टाकले, मग भाजप आणि काँग्रेस दोघांनी एकमेकांवर आरोप केले आणि दोघांनीही नाकारलं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नोटिसा पाठवल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये सीबीआयने केंब्रिज अ‍ॅनालिटिका आणि ग्लोबल सायन्स रिसर्चवर गुन्हा नोंदवला. तोवर एक कंपनी बंद पडून अडीच वर्षं होऊन गेली होती.

सामान्य माणूस यांचं काही वाकडं करू शकला का?

एकाने केलं. डेव्हिड कॅरोल, न्यूयॉर्कच्या पार्सन्स डिझाइन स्कूलमधला प्राध्यापक. पॉल-ऑलिव्हिए दहे या गणितज्ञाने हे शोधून काढलं की डेटा ब्रिटनमध्ये प्रोसेस होत असेल तर ब्रिटनचा कायदा लागू, मग अमेरिकन माणूसही आपली माहिती मागू शकतो. कॅरोलने २०१७ मध्ये अर्ज केला. एक एक्सेल शीट आली, त्यात तो कोणत्या मुद्द्यावर काय विचार करतो याची क्रमवारी. पण हे कुठून आणलं, कसं काढलं ते काहीच नाही. तो मागे लागला, लंडनचे वकील रवी नाईक त्याच्या बाजूने उभे राहिले. माहिती आयुक्तांनी विचारल्यावर कंपनीने उत्तर काय दिलं, तर अफगाणिस्तानच्या गुहेत बसलेल्या तालिबान्याला जेवढा हक्क आहे तेवढाच या माणसाला आहे. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये एससीएल इलेक्शन्स या त्यांच्याच गटातल्या कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला, १५ हजार पाउंड दंड झाला. कॅरोलला त्याचा पूर्ण डेटा मात्र मिळालाच नाही. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. ना त्याला पैसे मिळाले, ना पद, फक्त माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे ते दाखवा एवढंच तो विचारत राहिला.

शिक्षा कोणाला झाली?

तुरुंगात कुणी गेलं नाही. निक्सला ब्रिटनमध्ये ७ वर्षं कंपनीचा संचालक होता येणार नाही अशी बंदी आली, ऑक्टोबर २०२० पासून. फेसबुकला ब्रिटनमध्ये ५ लाख पाउंड दंड, तेव्हाच्या कायद्यात तेवढाच जास्तीत जास्त होता. अमेरिकेत २०१९ मध्ये ५०० कोटी डॉलर. डिसेंबर २०२२ मध्ये युजर्सच्या दाव्यात फेसबुकची आई-कंपनी मेटाने ७२.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. कोगनने टीव्हीवर माफी मागितली.

आपल्याकडे आता कायदा आहे ना?

आहे. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात संमतीची अट आणि आपली माहिती काय वापरली जाते ते विचारायचा हक्कही लिहिलाय, पण ही कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात. आपल्याकडे तो कॅरोल अजून व्हायचाय. हक्क लागू झाला की कुणीतरी अर्ज करा, खरंच.

माझ्या मुलीला अशाच राजकीय डेटाच्या कंपनीत ऑफर आलीये, घ्यावी का?

हा प्रश्न मला एका ताईंनी विचारला होता आणि मी तेव्हापासून यावर विचार करतोय. नाही म्हणा असं मी सांगणार नाही. मतदारांना काय हवंय ते डेटातून समजून घेणं हे चांगलं काम आहे, पाणी कुठे येत नाही, कुठल्या वस्तीत रेशनची तक्रार आहे, हे कळलं तर उमेदवाराचाही फायदा आणि लोकांचाही. फक्त तिला सांगा की इंटरव्ह्यूत त्यांनी काही प्रश्न आहेत का विचारलं की हे विचार. ही फाइल कुठून आली? मतदार यादीला मोबाइल नंबर जोडलेत ते कुणी दिले? ज्याचा नंबर आहे त्याला माहितीये का? जाहिरातीवर खाली पक्षाचं नाव असतं की नाही? एकाच गावात दोन गल्ल्यांना दोन उलटी आश्वासनं दिली जातात का?

केंब्रिज अ‍ॅनालिटिकात चांगल्या शिकलेल्या, तिशीच्या आतबाहेरच्या पुष्कळ मुलामुलींनी काम केलं, त्यातल्या बहुतेकांनी फक्त आपल्या समोरची फाइल साफ केली आणि पुढे पाठवली. त्या फाइलचा पहिला कॉलम कुठून आला हे विचारायला तिला कुठलंही पद लागत नाही, पहिल्या दिवशीही विचारता येतं. उत्तर टाळलं तर दुसरी ऑफर बघा, पुण्यात डेटाची कामं भरपूर आहेत.